टेक्निकल जज रेवाळे

रेवाळे माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. आधी खिसा बघत. शर्टाच्या डाव्या खिशावर कंपनीचं नाव दोऱ्यानं भरलेलं असलं, की त्यांची नजर तिथेच अडकायची आणि हात आपोआप पुढे जायचा.

माझी त्यांची पहिली भेट शारजात झाली, रोल्ला भागात ते कामाला होते त्या दुकानात. दुकान गणवेशांचं. मी आमच्या कंपनीतल्या कामगारांच्या शर्टांची ऑर्डर घेऊन गेलो होतो. "नमस्कार, मी पाटणकर," म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो हात हळूच बाजूला सारला, माझा खिसा चिमटीत धरला आणि वाकून बघितलं.

"अजमानच्या दुकानातलं काम," ते म्हणाले. "मागची बाजू दाखवा."

"कसली?"

"खिशाची."

आता खिशाची मागची बाजू दाखवायची म्हणजे शर्ट काढायला हवा. तो मी दोन अनोळखी पठाण गिऱ्हाइकांसमोर काढला. का काढला ते मला आजही सांगता येणार नाही. रेवाळ्यांच्या आवाजात डॉक्टरांच्या आवाजात असतो तसला अधिकार होता. त्यांनी शर्ट उलटा केला, दोऱ्यांचा गुंता बघितला, मान हलवली, आणि रोग्याच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं तसं म्हणाले, "तीन धुण्यांत सुटेल."

दोन धुण्यांत सुटलं.

रेवाळे लांज्याकडचे. चाळिशीचे, किडकिडीत, केस मशीनच्या तेलानं बसवल्यासारखे चपटे. दुकानाच्या मागच्या भागात त्यांचं भरतकामाचं मशीन होतं आणि सकाळी आठ ते रात्री आठ ते त्या मशीनला चिकटलेले असत. दुबईपासून रास अल खैमापर्यंत शेकडो माणसं छातीवर त्यांचे टाके घेऊन हिंडत होती. सिमेंटवाले, लिफ्टवाले, हॉटेलातले वेटर. रस्त्यात त्यातला कुणी दिसला, की रेवाळे थांबून त्याच्याकडे असं बघायचे, की त्या माणसाला आपण यांचे पैसे बुडवले की काय असं वाटावं.

कॉलरच्या आत दोन सुया कायम खोचलेल्या असायच्या. आमच्या इमारतीतल्या वॉचमनच्या खिशावर 'सिक्युरिटी'मधलं एक अक्षर गळलेलं होतं. तो सहा महिने तसाच पहारा देत होता आणि त्या इमारतीत राहणाऱ्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. रेवाळे पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा लिफ्ट सोडून त्याच्यापाशी बसले आणि ते अक्षर तिथल्या तिथे भरून मगच वर आले. वरण तोवर दोनदा गरम करून झालं होतं.

एकदा सुट्टीवर जाताना विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरच्या चिन्हाकडे ते एकटक बघत राहिले. त्यानं संशयानं विचारलं, काय आहे. रेवाळे म्हणाले, "व्हेरी गुड वर्क, सर. व्हेरी टाइट." त्यांना अर्धा तास बाजूला बसवून ठेवलं होतं. पण परत आल्यावर त्यांनी मला सांगितलं ते त्या अर्ध्या तासाबद्दल नाही, त्या सोनेरी दोऱ्याबद्दल.

बायकांच्या बाबतीत ते फार सावध. नजर खाली. पण साडीचा काठ खालीच असतो. पहिल्याच दिवशी आमच्या सौ.ला म्हणाले, "वहिनी, राग येणार नसेल तर पदराची मागची बाजू बघू?" सुनीता चमकली. मी मध्ये पडून खुलासा केला. दुसऱ्या वेळी तिनं स्वतःच कपाटातल्या चार साड्या काढून कॉटवर मांडल्या. तेव्हापासून दर शुक्रवारी रेवाळे आमच्याकडे जेवायला, हे न ठरवताच ठरलं.

त्यांचं एक पालुपद होतं. "सुईला पटलं पाहिजे." मालक घाई करायचा, यल्ला, यल्ला, गिऱ्हाईक थांबलंय. रेवाळे मान न उचलता म्हणायचे, "सुईला पटलं पाहिजे ना." निळ्याशेजारी जांभळा सुईला पटत नसे. आमची मुलगी ऋचा तेव्हा पाचवीत होती. ती आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायची, पण एकदा भाजी ताटात तशीच ठेवून म्हणाली, "बाबा, सुईला पटत नाही." हे तिच्या तोंडचं त्या वर्षातलं सर्वांत लांब मराठी वाक्य.

तर त्याच वर्षी ऋचाच्या शाळेत एक चित्रकला स्पर्धा जाहीर झाली. अंतराळवीर निघाले की त्यांच्या पोशाखावर त्या मोहिमेचा एक बिल्ला शिवलेला असतो. गोल, रंगीत, मोहिमेचं नाव वर आणि कडेनं जाणाऱ्यांची नावं. मुलांनी आपल्या मनानं एक मोहीम काढायची आणि तिचा असा बिल्ला रंगवायचा. पहिला येईल तो खरोखर कापडावर भरून शाळेच्या हॉलमध्ये लावणार होते.

चित्रकलेच्या डिमेलो मिस वसईच्या. शाळेच्या ब्लेझरवरचे बॅज रेवाळेच भरायचे, म्हणून मिसनी त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं. तीन परीक्षक. मुख्याध्यापिका मेनन मॅडम, एका पालकांच्या ओळखीचे कुणी इंजिनिअर, आणि रेवाळे. पत्रात रेवाळ्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'टेक्निकल जज'.

ते पत्र त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं.

"टेक्निकल म्हणजे सुईचं, ना?"

"हो."

"मग बरोबर हाय."

मग त्यांचा अभ्यास सुरू झाला. डिमेलो मिसनी शाळेच्या ग्रंथालयातलं अंतराळावरचं एक जाड पुस्तक दिलं. रेवाळे भिंग लावून त्यातल्या फोटोंतल्या बिल्ल्यांचे टाके मोजत बसले. चंद्र, खड्डे, यान यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. एका शुक्रवारी जेवता जेवता घास हातातच धरून म्हणाले, "पाटणकरसाहेब, मी एक बोलू? वरती वजन नसतं म्हणतात. मग सुई हातातून सुटली तर पडत नाय?"

"नाही. तरंगत राहते."

त्यांनी घास ताटात परत ठेवला. "म्हणजे शोधावी लागत नाय," ते म्हणाले. "चांगली जागा हाय."

इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं.

ऋचानं तिचा बिल्ला दोन दिवसांत रफ वहीत काढून मला दाखवला. यान वांग्यासारखं. त्याला चार खिडक्या, प्रत्येकीतून एकेक तोंड बाहेर. वर्तुळ हातानंच काढलेलं, त्यामुळे एका बाजूनं बसकं. मोहिमेचं नाव काय, तर 'गो अँड कम'. सुनीतानं तिला शिकवलं होतं, घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'जाऊन येते' म्हणावं. त्याचं हे भाषांतर.

"हे असं देणार शाळेत?" मी म्हणालो.

"व्हाय? इट्स नाइस."

"नाइस आहे गं. पण जरा नीट करू."

मी ऑफिसातून जाड कागद आणला. कंपास आणला. नीट करता करता वांगं गेलं, खिडक्या गेल्या, खिडक्यांतली तोंडं गेली. एक टोकदार चंदेरी यान आलं, मागे तीन कमानी, सात तारे. नावही बदललं. 'स्टार रेंजर'. मोठ्या इंग्रजी अक्षरांत, एकसारखं. ऋचाकडे रंग भरायचं काम राहिलं. ती कडेच्या आत, अगदी नीट रंग भरत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. मला वाटलं, एकाग्र झाली आहे.

निकालाच्या दिवशी दुपारी पालकांना हॉलमध्ये मागे बसायची परवानगी होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. टेबल टेनिसच्या दोन टेबलांवर शंभरेक कागद मांडलेले. रेवाळे नवा शर्ट घालून, दाढी करून, हात मागे बांधून उभे होते. सुरुवात झाली आणि त्यांनी पहिला कागद उचलून उलटा केला.

"मिस्टर रेवाळे," मेनन मॅडम म्हणाल्या, "ड्रॉइंग दुसरी साइड पे है."

"हां मॅडम. उधर भी आता हूँ."

त्यांनी प्रत्येक कागद उलटा करून बघितला. इंजिनिअर गृहस्थ घड्याळ बघू लागले. रेवाळ्यांना घाई नव्हती. पोरानं जोर लावून रेघ मारली की ती मागे उमटते. खोडलं की कागद पातळ होतो. एकाच्या मागे तेलाचं बोट होतं, एकाच्या मागे आठाचा पाढा. रेवाळे त्या पाठी वाचत होते आणि मध्येच स्वतःशी हसत होते. डिमेलो मिसना एक कागद दाखवून म्हणाले, "मिस, ह्याला लय घाई होती बघा. शू लागलेली असणार."

मग 'स्टार रेंजर' आलं.

इंजिनिअर गृहस्थांनी ते दोन्ही हातांनी उचललं. "धिस इज द विनर. देखिए, क्या सिमेट्री है." मॅडमनी मान डोलावली. कागद रेवाळ्यांकडे आला. त्यांनी उलटा केला. पाठ कोरी, स्वच्छ, मधोमध कंपासच्या टोकाचं एक भोक. त्यांनी सुलटा केला. अक्षरांवर त्यांची नजर थांबली.

आमच्या कंपनीतल्या माणसांची नावं मी त्यांना हातानं लिहून देत असे, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. तीन वर्षं ते माझं अक्षर सुईनं गिरवत होते. माझ्या इंग्रजी 'आर'चा एक पाय लांब असतो. रेवाळे त्यावरून मला चिडवायचे, "तुमचा आर फोटोला उभा राहिल्यासारखा हाय." स्टार रेंजरमध्ये आर तीन.

त्यांनी मान वर केली आणि मागच्या रांगांमध्ये कुणाला तरी शोधलं. मी सापडलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मी वरच्या दिव्यांकडे बघू लागलो.

आता हा माणूस तोंड उघडणार आणि ऋचा पुढच्या रांगेत तिच्या मैत्रिणींमध्ये बसली आहे, एवढंच मला कळत होतं.

"मॅडम," रेवाळे म्हणाले, "ये नहीं भरेगा."

"क्यों?"

"लेटर बारीक है. सुई को नहीं पटता."

अक्षरं अंगठ्याएवढी जाड होती. "ये बारीक है?" इंजिनिअर गृहस्थ म्हणाले.

"कागज पे मोटा दिखता है, सर."

"देन वी विल गिव्ह इट टु सम अदर शॉप," मेनन मॅडम थंडपणे म्हणाल्या. "बॅज भी वहीं से बन सकता है."

"वो आपकी मर्जी, मॅडम. मेरे हात से ये नहीं होगा."

डिमेलो मिसनी कागदाकडे बघितलं, रेवाळ्यांकडे बघितलं, मग एकदा माझ्याकडे. त्यांनी तो कागद अलगद घेऊन गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, बसेस आर वेटिंग." पहिला नंबर तिसरीतल्या एका मुलीला मिळाला. तिनं चंद्रावर दोरी बांधून कपडे वाळत घातले होते, कारण तिथे सूर्य आहे आणि पाऊस नाही. रेवाळ्यांनी तो बिल्ला पुढे इतका सुंदर भरला, की दोरीवरचा एक मोजा हलतो आहे असं वाटायचं. शाळेच्या बॅजचं काम मात्र पुढच्या वर्षी दुसरीकडे गेलं. मालक त्यावरून त्यांना काय बोलला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी मी रेवाळ्यांना न भेटता घरी आलो. संतापलेला होतो. सुनीताला म्हणालो, "दर शुक्रवारी जेवतो आमच्याकडे, आणि एवढं करता आलं नाही त्याला."

"त्यानं काय करायला हवं होतं?" ती म्हणाली.

त्या शुक्रवारी रेवाळे आले नाहीत. पुढच्याही नाही. तिसऱ्या शुक्रवारी सुनीतानं सवयीनं चार ताटं घेतली आणि एक परत ठेवलं. ऋचा ते बघत होती.

"बाबा, ही वॉज राइट, यू नो," ती म्हणाली. "इट वॉज युअर ड्रॉइंग. ही डिडन्ट टेल एनीबडी."

मुलं इंग्रजीत बोलली की काही गोष्टी जास्त लागतात. मी चपला घातल्या. ऋचा तिची रफ वही घेऊन निघाली. का घेतली ते मी विचारलं नाही.

शुक्रवारची सुट्टी असूनही रेवाळे दुकानातच होते, शटर अर्धं खाली ओढून. आम्ही वाकून आत गेलो. त्यांनी मशीन थांबवलं आणि माझ्यासाठी स्टूल पुसलं.

"रेवाळे, माझं चुकलं," मी म्हणालो.

"तुमचं काम चांगलं होतं, साहेब. पण ते तुमचं होतं." मग ते ऋचाकडे वळले. "तुझं कुठे हाय?"

तिनं वही उघडली. त्यांनी आधी पान उलटलं, मागे रेघा किती उमटल्यात त्यावरून बोट फिरवलं, आणि मग चित्र बघितलं. वांगं, चार खिडक्या.

"ही कोण?"

"आई. बाबा. दॅट्स मी." तिनं चौथ्या खिडकीवर बोट ठेवलं. "अँड दॅट्स यू."

चौथ्या खिडकीतल्या माणसाचे केस चपटे होते आणि हातात केवढी तरी मोठी सुई. घरी मी हे चित्र दोनदा बघितलं होतं आणि मला ती काठी वाटली होती.

"मी कशाला?" रेवाळे म्हणाले.

ऋचानं मराठी शब्द जुळवायला वेळ घेतला. "वर गेल्यावर सूट फाटला, तर कोण शिवणार?"

रेवाळे उठले. मशीनवरचं लाल रीळ काढून त्यांनी दुसरं लाल रीळ लावलं. मग तेही काढून पहिलं परत लावलं. "आठ दिवसांनी ये," पाठमोरेच म्हणाले.

आठ दिवसांनी ते स्वतःच जेवायला आले आणि बिल्ला घेऊन आले. बसकं वर्तुळ त्यांनी बसकंच ठेवलं होतं. 'गो अँड कम'ची अक्षरं ऋचाची होती तशी वाकडी, चारही खिडक्यांतली तोंडं तशीच. ऋचानं तो शाळेच्या दप्तरावर लावला आणि शाळेत सगळ्यांना सांगितलं, की हा नंबरात आलेला नाही.

मे महिन्यात आम्ही सुट्टीवर निघालो. रेवाळ्यांचं घर आमच्या वाटेवर पडत नव्हतं, पण गल्फमध्ये सुट्टीवर जाणाऱ्यानं सगळ्यांच्या घरची सामानं न्यायची असतात. मी त्यांच्याकडे पार्सल न्यायला गेलो. दरवर्षी त्यात एक फ्रॉक असे, त्यांच्या मुलीसाठी. मुलीचं नाव मंगल. तिच्याबद्दल ते फारसं बोलत नसत. दोन वर्षांतून एकदा महिनाभर भेट, बोलणार काय.

या वेळी फ्रॉक दिसला नाही. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. मला वाटलं, आत सुया असतील. आत दोरे होते. पांढऱ्या दोऱ्यांच्या लहान लहान गुंडाळ्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधलेली.

"आमच्या मंडळींना लिहिता येत नाय," ते म्हणाले. "मग ती पोरीला उभी करायची आणि दोरा लावायची. हा उंचीचा. एक गाठ मारली ती छातीची, दोन गाठी मारल्या ती बाहीची. शेजारचा कोणी पत्र लिहून द्यायचा, त्या पाकिटात घालायची. मी त्याच्यावरून शिवायचो. कधी चुकलं नाय." त्यांनी एक दोरा सोडून माझ्यापुढे ताणून धरला. जमिनीपासून तो त्यांच्या कमरेपर्यंत आला. "ही चार वर्षांची."

मग त्यांनी एक पत्र काढलं. निळ्या शाईत, मुलीच्या स्वतःच्या अक्षरात. "वाचा," म्हणाले. तिनं लिहिलं होतं, की ती आता नववीत गेली, फ्रॉक घालत नाही, मैत्रिणी लांज्याच्या दुकानातून तयार ड्रेस घेतात, तीही घेते. बाबांनी आता उगाच शिवत बसू नये, त्रास होतो. बाकी सर्व ठीक.

"पाकिटात दोरा नव्हता," रेवाळे म्हणाले. "मी झटकून बघितलं."

मी पत्र घडी घालून परत दिलं.

त्यांनी कागदात गुंडाळलेली एक लहानशी वस्तू पार्सलवर ठेवली. मग कागद उलगडून दाखवला. आत एक बिल्ला होता, तळहाताएवढा. यान ऋचाचंच, वांग्यासारखं. तिला विचारूनच घेतलं, असं त्यांनी आधी सांगून टाकलं. खिडक्या तीनच होत्या, एकीतल्या माणसाचे केस चपटे, आणि वर मराठीत, जरा वाकड्या अक्षरांत, भरलं होतं, 'जाऊन येतो'.

"पोरीला सांगा, दप्तराला लाव नायतर कशालाही लाव," ते म्हणाले, आणि सुतळीची गाठ मारायला खाली वाकले. "ह्याला माप लागत नाय."